गोवर-रुबेला लसीकरण सत्र: यादी करण्यापासून उरलेली कुपी टाकून देईपर्यंत

लस उपकेंद्रापर्यंत वेळेवर येते, सत्र ठरल्या दिवशी होते, रजिस्टरही भरलेले असते. तरी त्याच वस्तीत गोवर निघतो. अशा वेळी मागे जाऊन पाहिले की चूक बहुधा दोनच ठिकाणी सापडते. एक तर बाळ यादीतच नव्हते. नाही तर यादीतल्या बाळाला टोचलेली लस टोचायच्या आधीच निकामी झाली होती. दुसरी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. रजिस्टरवर खूण आहे, कार्डावर तारीख आहे, आई निर्धास्त आहे आणि बाळ मात्र उघडे आहे.

हा लेख आरोग्यसेविका (सिस्टर), आशाताई, अंगणवाडीताई आणि सत्रावर देखरेख करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. सत्राच्या आधी काय, सत्रात कोणत्या क्रमाने आणि सत्रानंतर काय, एवढेच यात आहे.

आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा. नऊ महिन्यांना दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के बाळांत लागू पडतो. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही बाळांत तोवर शिल्लक असते आणि ती लसीच्या विषाणूलाच मारते. म्हणजे १०० बाळांपैकी ९० जणांना एमआर-१ (गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस) मिळाली, तरी खरे संरक्षण ७६-७७ जणांनाच. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या वस्तीत १२ ते १८ जणांना लागण करू शकतो, म्हणून साथ रोखायला ९५ टक्क्यांच्या आसपास मुले सुरक्षित लागतात. हे अंतर दुसरा डोस (एमआर-२) भरून काढतो. त्याला ‘बूस्टर’ म्हणू नका. पहिल्याने ज्यांना काहीच दिले नाही त्या पंधरा जणांसाठी तो खरा पहिला डोस असतो, आणि ते पंधरा कोण हे चेहरा बघून कळत नाही.

टप्पा १: नावानिशी यादी

लोकसंख्येला जन्मदराने गुणून येणारा आकडा लस मागवण्यापुरता ठीक. सत्रासाठी नावे लागतात. वर्षातून दोनदा घरोघर मोजणी करा आणि दर महिन्याला नवीन जन्म व नवीन आलेली कुटुंबे त्यात घाला.

१. प्रत्येक बाळासमोर जन्मतारीख लिहा. ‘आखाजीच्या आसपास’ असे उत्तर आले तर जन्मदाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड किंवा माता व बाल संरक्षण कार्ड मागा.

२. पहिल्या पेंटाला (दीड महिन्याच्या, पाच आजारांवरच्या लसीला) बाळ येईल त्याच दिवशी एमआर-१ आणि एमआर-२ च्या तारखा मोजून यादीत आणि कार्डावर पेन्सिलीने टाका. १४ मार्चला जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने १४ डिसेंबरला पूर्ण होतात, सोळा महिने पुढच्या वर्षी १४ जुलैला.

३. एमआर-१ नऊ महिने पूर्ण झाल्यावर, शक्यतो बाराव्या महिन्याच्या आत. एमआर-२ सोळा ते चोवीस महिन्यांत. राहून गेली असेल तर पाच वर्षांपर्यंत दोन्ही देता येतात, मध्ये किमान चार आठवडे ठेवून. साडेतीन वर्षांच्या मुलाला एकही डोस नसेल तर आज एमआर-१ आणि चार आठवड्यांनी एमआर-२. ‘आता वय गेले’ म्हणून परत पाठवू नका.

सावधान: ‘नववा लागला’ म्हणजे नऊ पूर्ण नव्हेत. आई किंवा आजी ‘बाळाला नववा चालू आहे’ म्हणते तेव्हा बाळाचे आठच महिने पूर्ण झालेले असतात. या एका शब्दामुळे कितीतरी बाळांना लस आधी दिली जाते. नऊ महिने पूर्ण होण्याआधी दिलेला डोस नियमित डोस म्हणून धरत नाहीत. तो पुन्हा द्यावा लागतो. महिने तोंडी मोजू नका, तारीख बघा.

आता यादीतून हमखास निसटणारी मुले.

माहेर-सासर ही सर्वांत मोठी फट. बाळंतपण माहेरी झाले, बीसीजी आणि दीड महिन्याची लस माहेरच्या गावात, मग चौथ्या-पाचव्या महिन्यात आई सासरी. माहेरची आशाताई ‘गाव सोडले’ लिहून नाव कापते, सासरच्या आशाताईच्या यादीत जन्मच नसतो. नऊ महिने दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत जातात. उपाय साधा आहे: नाव कापताना कोणत्या गावाला गेली ते लिहा आणि तिकडच्या आशाताईला फोन करा. सासरकडच्या बाजूने, गावात पहिलटकरणी किती होत्या आणि त्यातल्या किती बाळाला घेऊन परत आल्या, हे दर महिन्याला विचारा.

ऊसतोडीची कुटुंबे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात ज्यांची तारीख पडते त्यांची यादी निघण्याआधी काढा. नऊ महिने पूर्ण झाले असतील तर निघण्याआधीच टोचा. नसतील तर कार्डावर पुढची तारीख ठळक लिहा आणि ‘जिथे असाल तिथल्या कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते’ हे स्वतः तोंडाने सांगा. साखर कारखान्याच्या तळावर काम करणाऱ्या पथकाने उलट बाजूने मोजणी करायची: कोप्या (मजुरांच्या झोपड्या) मोजायच्या, कार्ड बघायचे. वीटभट्टी, बांधकामाची जागा, पुलाखालची पाले, दूरचा पाडा यांनाही हेच लागू. हे लोक कोणाच्याच कायमच्या यादीत नसतात, म्हणून तिथल्या सत्राची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव सूक्ष्म कृती आराखड्यात वेगळे लिहिलेले हवे.

खासगी दवाखान्यात जाणारी मुले यादीत ‘घेतली असेल’ म्हणून सोडली जातात. कार्ड बघा. तिथे एमएमआर दिली असेल तर ती गोवर-रुबेलाचा डोस म्हणून मोजता येते, पण तारीख दिसली पाहिजे आणि तेव्हा बाळाचे नऊ महिने पूर्ण असले पाहिजेत.

एमआर-२ ची यादी मात्र वेगळ्या कागदावर करा. ‘नऊ महिन्यांना सगळ्या लसी संपल्या’ असा समज घरोघरी आहे. मूल चालू लागलेले असते, आई कामावर परतलेली असते, म्हणून आठवणही राहत नाही. एमआर-१ देताना लगेच दुसऱ्या तारखेबद्दल बोलणे हा त्यावरचा एकमेव खात्रीचा उपाय.

टप्पा २: साहित्याचा हिशोब

समजा यादीत एमआर-१ ची ६ आणि एमआर-२ ची ५, अशी ११ मुले आहेत. पाच डोसांची कुपी असेल तर तीन लागतील, दहाची असेल तर दोन. चार किंवा नऊ डोस वाया जातील. जाऊ द्या. महिन्याची मागणी करताना लाभार्थ्यांच्या संख्येला १.३३ ने गुणतात ते याच वाया जाण्यासाठी.

एका बाळासाठीही कुपी उघडायची. ‘अजून चार जणी आल्या की उघडू, पुढच्या महिन्याला या’ असे सांगून परत पाठवलेली आई बऱ्याचदा पुन्हा येत नाही. डोस वाया जाणे चालते, बाळ परत जाणे चालत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बैठकीत वाया गेलेल्या डोसांबद्दल सिस्टरला धारेवर धरले की पुढच्या सत्रापासून कुप्या उघडायच्या बंद होतात. हेही लक्षात ठेवायला हवे.

आदल्या दिवशी पिशवीत भरायच्या गोष्टी:

– जितक्या कुप्या तितकेच डायल्यूएंट (पावडर लसीत मिसळायचे द्रव), त्याच कंपनीचे, लसीसोबत आलेले
– जितक्या कुप्या तितक्या ५ मिलिलिटरच्या मिसळायच्या सिरिंज. एक सिरिंज एकाच कुपीसाठी
– ०.५ मिलिलिटरच्या एडी सिरिंज (एकदाच चालणाऱ्या), मुलांच्या संख्येपेक्षा दोन-तीन जास्त. आंशिक आयपीव्हीसाठी (पोलिओची टोचायची लस, कमी मात्रेत) ०.१ मिलिलिटरच्या वेगळ्या
– जीवनसत्त्व अ चे द्रावण आणि त्याचा मोजचमचा. बाटली उघडल्याची तारीख लिहिलेली, ६ ते ८ आठवड्यांपेक्षा जुनी नको
– अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी अॅलर्जी) किट. अ‍ॅड्रिनलिनची मुदत आजच बघा
– हब कटर (वापरलेली सुई कापायचे यंत्र), लाल आणि काळी पिशवी, पेन, घड्याळ, कोरी कार्डे, यादी

घड्याळ मोबाइलमध्ये असतेच, पण सत्रात मोबाइल कुणाच्या तरी कानाला असतो. भिंतीवर किंवा मनगटावर असू द्या.

टप्पा ३: थंडावा

कोरड्या पावडरच्या रूपातली एमआर लस गोठल्याने बिघडत नाही. उष्णतेने आणि उजेडाने बिघडते. म्हणून कुपी गडद तपकिरी काचेची असते. पेंटा, पीसीव्ही (न्यूमोकोकल जंतूवरची लस), आयपीव्ही, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) यांचे उलटे: त्या गोठल्या की कायमच्या निकामी. सत्राला जाताना या सगळ्या एकाच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस न्यायच्या थंड डब्यात) बसतात, म्हणून आईसपॅक ना फार गार, ना कोमट असावे लागतात.

१. डायल्यूएंट किमान २४ तास आधी आयएलआरमध्ये (लसींच्या खास फ्रिजमध्ये), २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा. कपाटातले डायल्यूएंट सकाळी उचलून नेणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. पावडर कितीही नीट सांभाळली असली, तरी तिच्यात ३५ अंशांचे पाणी ओतले की जिवंत विषाणू तिथेच मरतो. डायल्यूएंट गोठवूही नका; अ‍ॅम्प्यूलला बारीक तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

२. डीप फ्रीझरमधून काढलेले चार आईसपॅक टेबलावर एका ओळीत, मध्ये बोटभर जागा सोडून मांडा. बाहेरून घाम येऊ द्या. मग कानाजवळ धरून हलवा. आत पाणी खळखळले की तयार. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे पटकन होते, डिसेंबरच्या थंडीत बराच वेळ लागतो. म्हणून मिनिटे मोजू नका, आवाज ऐका.

३. लसी आणि डायल्यूएंट झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून मधल्या जागेत ठेवा. सुटी कुपी आईसपॅकला चिकटली की लेबल भिजून गळून पडते, आणि लेबल नसलेली कुपी वापरता येत नाही.

४. प्रत्येक कुपीचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) बघा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच न्या. चौकोन वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती कुपी बाजूला. एमआरच्या कुपीवर व्हीव्हीएम टोपणावर असतो, म्हणजे उघडल्यावर तो निघून जातो. तपासणी उघडण्याआधीच करावी लागते.

*निघण्यापूर्वीची तपासणी:* कुप्यांची संख्या आणि डायल्यूएंटची संख्या सारखी आहे का? दोन्हीवर एकाच कंपनीचे नाव आहे का? मुदत संपलेली नाही ना? कॅरियरचे झाकण घट्ट लागले का?

टप्पा ४: जागेची मांडणी

सावलीची जागा, शक्यतो अंगणवाडीची खोली. आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा रस्ता वेगळा. टेबलावर ऊन येत असेल तर टेबल हलवा, लस नव्हे. दुपारी ऊन सरकते आणि कॅरियर कुणी उचलत नाही. दाराशी आशाताई यादी घेऊन, मध्ये सिस्टर, बाहेर पडायच्या बाजूला अंगणवाडीताई सतरंजीवर अर्धा तास बसवून घ्यायला. सतरंजी सिस्टरच्या नजरेसमोर हवी. बसायला जागा नसेल तर कुणी थांबत नाही.

टप्पा ५: टोचण्याआधी विचारायचे

तीनच प्रश्न. आधीच्या लसीनंतर बाळाला जोराची अ‍ॅलर्जी, म्हणजे अंग सुजणे, धाप लागणे, बेशुद्ध होणे, असे काही झाले होते का? बाळ सध्या रुग्णालयात ठेवण्याइतके आजारी आहे का? प्रतिकारशक्ती फार कमी करणारा आजार किंवा उपचार चालू आहे का? यातले एक ‘हो’ आले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

बाकीची कारणे लस थांबवण्याची नाहीत. सर्दी, साधा ताप, पातळ शौच, दात येणे, अंड्याची अ‍ॅलर्जी, चालू असलेले अँटिबायोटिक यांपैकी कशानेही लस अडत नाही. कुपोषित बाळाला तर आधी टोचा. गोवर सर्वांत वाईट त्यालाच होतो. ‘अंग जरा गरम लागतंय, पुढच्या बुधवारी बघू’ हे वाक्य आईपेक्षा आपल्याच तोंडून जास्त निघते.

‘मागच्या वर्षी गोवर येऊन गेला, आता कशाला?’ असे आजी विचारतील. उत्तर: अंगावर पुरळ येणारे आजार बरेच असतात, त्यातला गोवर कोणता हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि रुबेलासाठीही ही लस हवीच. येऊन गेलेला असला तरी लसीने अपाय होत नाही.

टप्पा ६: लस मिसळणे

इथे घाई नको. या लेखातला बाकीचा एखादा भाग चुकला तर बाळ असुरक्षित राहील. हा भाग चुकला तर बाळ दगावू शकते.

१. बाळ समोर आल्याशिवाय कुपी उघडू नका. सकाळी नऊला ‘तयार करून ठेवलेली’ लस दुपारी एकला टाकायची असते.

२. हात साबणाने धुवा.

३. कुपी हातात घेऊन नाव मोठ्याने वाचा. अ‍ॅम्प्यूल हातात घेऊन नाव मोठ्याने वाचा. शेजारच्या व्यक्तीने दोन्ही बघावीत.

४. नवी ५ मिलिलिटरची सिरिंज घ्या. अ‍ॅम्प्यूलमधले सगळे डायल्यूएंट ओढा: पाच डोसांच्या कुपीसाठी २.५ मिलिलिटर, दहाच्या कुपीसाठी ५ मिलिलिटर. कमी घातले तर शेवटच्या बाळाला डोस उरणार नाही, जास्त घातले तर सगळ्यांनाच पातळ मिळेल.

५. कुपीत हळू सोडा. कुपी दोन तळव्यांत हलकेच फिरवा. जोराने हलवून फेस आणू नका. पावडर पूर्ण विरघळली पाहिजे. गुठळी किंवा कण दिसले तर कुपी बाजूला.

६. मिसळण्याची सिरिंज लगेच हब कटरमध्ये. सुई कुपीच्या रबरात खोचून ठेवू नका. ती जंतूंना आत यायची उघडी वाट असते.

७. लेबलवर तारीख आणि वेळ लिहा, आणि टाकायची वेळही: ‘उघडली १०.२०, टाकायची २.२०’. चार तास किंवा सत्राची समाप्ती, जे आधी येईल ते.

८. कुपी आईसपॅकवरच्या खळग्यात, उजेडापासून आड ठेवा. कॅरियर वारंवार उघडू नका.

सावधान: डायल्यूएंटच्या जागी दुसरे काहीही नाही. सलाइन नाही, दुसऱ्या लसीचे डायल्यूएंट नाही, इंजेक्शनच्या कपाटातले ‘पाणीच आहे ना’ असे पाणीही नाही. २०१८ साली सामोआ बेटांवर दोन बाळांच्या लसीत पाण्याऐवजी भूल देताना वापरायचे औषध मिसळले गेले आणि दोन्ही बाळे गेली. त्यानंतर तिथले लसीकरण थांबले, लोकांचा विश्वास उडाला, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या गोवराच्या साथीत ८३ जण मेले, बहुतेक लहान मुले. आयएलआरमध्ये लसी आणि डायल्यूएंट सोडून काहीही ठेवायचे नाही हा नियम यासाठी आहे. इन्सुलिन नाही, ऑक्सिटोसिन नाही, डबा तर नाहीच.

सावधान: चार तास म्हणजे चार तास. एमआर लसीत जंतूंना रोखणारे रसायन नसते. मिसळलेल्या लसीत हवेतले किंवा हातावरचे जंतू शिरले तर ते वाढत जातात आणि विष तयार करतात. अशी लस टोचल्यावर काही तासांत जोराचा ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात; याला टॉक्सिक शॉक म्हणतात. २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये एकाच मोहिमेत १५ मुले यामुळे गेली. लस थंडाव्याशिवाय ठेवली होती आणि मिसळायला एकच सिरिंज चार दिवस वापरली होती. पेंटा, पीसीव्हीच्या उघडलेल्या कुप्या अटी पाळून पुढच्या सत्रात वापरता येतात, तो नियम एमआरला लागू नाही. गोंधळ इथेच होतो.

टप्पा ७: टोचणे

१. एडी सिरिंजमध्ये आधी हवा ओढू नका, दट्ट्या ‘चालतोय का’ म्हणून मागेपुढे करू नका. ती एकदाच चालते, मग अडकते. सुई थेट कुपीत, ०.५ मिलिलिटर ओढा.

२. आधी भरून ठेवलेल्या सिरिंजची रांग नको. एक बाळ, एक सिरिंज, त्याच वेळी भरलेली.

३. जागा: उजवा दंड, वरचा बाहेरचा भाग. मळ असेल तर पाण्याच्या बोळ्याने पुसून कोरडे करा. स्पिरिट लावू नका. ओल्या स्पिरिटने जिवंत विषाणू मरतो.

४. कातडी चिमटीत धरून सुई ४५ अंशांत, त्वचेखाली. सरळ उभी घुसवली तर स्नायूत जाते.

५. टोचून झाल्यावर चोळू नका. सुईला टोपण परत लावू नका. थेट हब कटर.

नऊ महिन्यांच्या बाळाला त्याच भेटीत आणखी लसी असतात: डाव्या दंडात त्वचेत ०.१ मिलिलिटर आंशिक आयपीव्हीचा तिसरा डोस, उजव्या मांडीत पीसीव्हीचा बूस्टर, आणि ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लस. सगळ्या एकाच दिवशी द्या. ‘एवढ्या सुया एकदम नको, दोन पुढच्या महिन्याला’ असे घरचे म्हणतील. त्यांना समजावा, कारण पुढच्या महिन्याची ती भेट बहुतेक होत नाही. इंजेक्शनने द्यायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी चालतात; त्या दिवशी दिल्या नाहीत तर मग मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात.

शेवटी जीवनसत्त्व अ: एमआर-१ सोबत १ मिलिलिटर, म्हणजे चमच्याच्या अर्ध्या खुणेपर्यंत, १ लाख आययू (आंतरराष्ट्रीय एकक). एमआर-२ च्या वेळी पूर्ण २ मिलिलिटर, २ लाख आययू. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात ओतू नका, ठसका लागतो. शांत होऊ द्या.

टप्पा ८: चार गोष्टी सांगणे

आईला एवढेच सांगा, पण सगळे सांगा. आज कोणती लस दिली. त्रास काय होऊ शकतो. पुढची तारीख कोणती. कार्ड जपून ठेवा आणि येताना आणा.

त्रासाबद्दल नेमके बोला, नाही तर अफवा होते. इतर लसींचा ताप पहिल्या-दुसऱ्या दिवशी येतो. गोवराच्या लसीचा साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी, काही बाळांच्या अंगावर बारीक पुरळही येते, दोन-तीन दिवसांत जाते. आईला हे आधी माहीत नसेल तर ‘लसीनेच गोवर झाला’ हे शेजारच्या दहा घरांत पोहोचते आणि पुढचे सत्र रिकामे जाते. ‘आठवड्याभराने ताप आला तर घाबरू नका, पॅरासिटामॉल द्या, अंगावर पाजत राहा, ताप जोराचा असेल, बाळ मलूल पडले, झटके आले तर लगेच फोन करा’ असे सांगून आपला नंबर कार्डावर लिहून द्या.

टप्पा ९: अर्धा तास आणि नोंद

टोचल्यावर अर्धा तास बाळ नजरेसमोर. अ‍ॅनाफिलॅक्सिस फार क्वचित होतो, पण झाला तर मिनिटांत वाढतो: अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, घरघर, नाडी हाती न लागणे, बाळ ढिले पडणे. किटमधल्या कार्डावर वयाप्रमाणे लिहिलेला अ‍ॅड्रिनलिनचा एक डोस मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूने स्नायूत द्या, १०८ ला फोन करा, डॉक्टरांना कळवा. डोस आठवून नव्हे, कार्ड वाचून.

याच अर्ध्या तासात नोंदी करा. यादीवर खूण, कार्डावर तारीख, कार्डाच्या आपल्याकडच्या भागावर पुढची तारीख, यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) नोंद, आणि कुपीचा बॅच क्रमांक. बॅच क्रमांक ‘नंतर लिहू’ म्हणून राहतो. एखाद्या बाळाला त्रास झाला तर पहिला प्रश्न त्याचाच येतो. संध्याकाळी घरी बसून रजिस्टर भरले की न आलेल्या मुलांसमोरही खुणा पडतात. मुद्दाम नव्हे, सवयीने.

टप्पा १०: सत्र संपल्यावर

१. मिसळलेली उरलेली लस, वेळ शिल्लक असली तरी, वापरायची नाही. वेगळी ठेवून केंद्रावर परत द्या. न उघडलेल्या कुप्या व्हीव्हीएम बघून आयएलआरमध्ये. परत आलेल्या कुप्या पुढच्या सत्रात आधी वापरायच्या.

२. सुया हब कटरच्या डब्यात, कापलेल्या सिरिंज लाल पिशवीत, वेष्टने काळ्या पिशवीत. अंगणवाडीच्या आवारात काही जाळू किंवा पुरू नका.

३. न आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि कारण तिथेच लिहा. ‘नकार’ हा एक शब्द पुरेसा नाही. बाप घरी नव्हता, मजुरी बुडेल, मागच्या लसीनंतर ताप आला होता, सत्राची वेळ कळली नाही: चौघांना चार वेगळी उत्तरे लागतात. मजुरी बुडत असेल तर समजावून उपयोग नाही, सत्र संध्याकाळी घ्यावे लागेल.

४. दोनदा न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या सत्राच्या आधी आशाताई आणि सिस्टर मिळून जा.

टप्पा ११: वस्तीत पुरळ दिसले तर

ताप आणि अंगावर लाल, चपटे-उठाव पुरळ, असे कोणत्याही वयाचे मूल दिसले की त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. घरात कडुलिंबाचा पाला बांधून ठेवला असेल तर त्यावरून वाद घालू नका. मूल बघू द्या एवढेच म्हणा. रक्ताचा नमुना पुरळ आल्यापासून २८ दिवसांपर्यंत घेता येतो, घशाचा नमुना शक्यतो पहिल्या ७ दिवसांत. पुरळ येण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस मूल लागण पसरवते. तेवढे दिवस त्या मुलाला अंगणवाडी, शाळा, लग्नघर बंद.

आजारी मुलाला जीवनसत्त्व अ वयाप्रमाणे लागोपाठ दोन दिवस: सहा महिन्यांखाली ५० हजार आययू, सहा ते अकरा महिने १ लाख, एक वर्षापुढे २ लाख. नियमित डोस नुकताच झाला असला तरी. डोळ्यांत त्रास असेल तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरा डोस.

संपर्कात आलेल्या, लस न झालेल्या मुलांना ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणून रुग्ण सापडल्यावर अहवालाची वाट बघत बसू नका. त्या दिवशी वस्तीची कार्डे तपासायला लागा आणि राहिलेले डोस द्या.

मोठी साथ असेल तर वरून अतिरिक्त डोसचा आदेश येतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या भागात, भिवंडी आणि मालेगावात साथ पसरली तेव्हा जोखमीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा सल्ला केंद्राने दिला होता. आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळे १० टक्क्यांहून जास्त होती, तिथे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही. असा डोस मागच्या डोसपासून चार आठवड्यांनी द्यायचा आणि वेगळ्या रकान्यात लिहायचा. कार्डावरचा एमआर-१ किंवा एमआर-२ चा रकाना त्याने भरू नका. सातव्या महिन्यात साथीमुळे लस घेतलेल्या बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआर-१ आणि सोळा महिने पूर्ण झाल्यावर एमआर-२ द्यावीच लागते. त्या दोन्ही तारखा साथीच्या डोसच्या दिवशीच पेन्सिलीने टाकून ठेवा.